नांदूर शिंगोट्याला नुसतं चहाला थांबता का?

परवा पुतण्याचा इतिहास घेत बसलो होतो, विचारलं १८५७ च्या उठावातले नेते सांग. पोरानं धडाधड सांगितले. झाशीची राणी, तात्या टोपे, नानासाहेब, कुंवरसिंह, बहादूरशहा. म्हटलं आता आपल्याकडचे सांग, तर म्हणे काका आपल्याकडे कुठं झालाय उठाव, तो तर तिकडं यूपीत झाला.

आणि हे कुठं बोलतोय तर सिन्नरात बसून!

अरे बाबा पुण्याला जाताना आपण नांदूर शिंगोट्याला थांबतो ना, ते भागोजी नाईक या भिल्ल पुढाऱ्याचं गाव. हा माणूस आधी नगरच्या पोलिसात अधिकारी होता बरं का. १८५५ ला दंगा केला म्हणून शिक्षा, सुटल्यावर वर्षभर नीट वागीन म्हणून जामीन द्या, आणि ते वर्ष संपतंय तोवर सरकारचा हुकूम आला की सगळ्यांनी हत्यारं जमा करा. भिल्लाला सांगताय हत्यार दे. भागोजी गाव सोडून पन्नासेक माणसं घेऊन पुणे-नाशिक रस्त्यावर नजर राहील अशा जागी जाऊन बसला, आणि ४ ऑक्टोबर १८५७ ला पोलिस सुपरिंटेंडंट हेन्री चालून आला तो तिथंच पडला. पुढं दोन वर्षं भागोजी कुणाच्या हाती लागला नाही, १८५९ च्या नोव्हेंबरात सिन्नर तालुक्यातच लढताना गेला.

आता लगेच कुणीतरी येणार, की हा तर लोकल भांडणाचा मामला, याला कुठं स्वातंत्र्य बितंत्र्य कळत होतं. मला हा प्रकारच पटत नाही. झाशीचं भांडण तरी काय होतं, दत्तक नामंजूर करून संस्थान खाल्लं हेच ना? मग राणीचं कारण राष्ट्रीय आणि भिल्लाचं खासगी, हे कुणी ठरवलं?

साताऱ्याचे रंगो बापूजी गुप्ते घ्या. प्रतापसिंह महाराजांना १८३९ ला गादीवरून काढलं म्हणून हा माणूस लंडनला गेला, तेरा-चौदा वर्षं तिथं अर्ज-विनंत्या करत राहिला (आपण तहसीलला तीन चकरा मारल्या की वैतागतो), हात हलवत परत आला आणि मग कट रचला. कट फुटला. ८ सप्टेंबर १८५७ ला साताऱ्याच्या गेंडा माळावर इंग्रजांनी सतरा जणांना मारलं, कुणाला फाशी, कुणाला गोळ्या, कुणाला तोफेच्या तोंडी. त्यात रंगोजींचा मुलगा पण होता. स्वतः रंगोजी मात्र निसटले ते इंग्रजांना शेवटपर्यंत सापडलेच नाहीत.

कोल्हापूरच्या महाराजांचे धाकटे भाऊ चिमासाहेब, उठावापायी कराचीला कैदेत वारले. चांद्याकडं, म्हणजे चंद्रपूरकडं, बाबुराव शेडमाके, गोंड जमीनदार, पंचविशीतला पोरगा, २१ ऑक्टोबर १८५८ ला चंद्रपूरच्या जेलात फाशी. झाशी पडल्यावरही हा लढतच होता.

अजून एक खटकतं, बोललं तर लोक चिडतात पण बोलतो. बाबुरावांची जयंती आदिवासी बांधवांनीच करायची, रंगोजींचा फोटो त्यांच्याच समाजाच्या हॉलात लागणार, बाकीच्यांना सुट्टी. का?

पुतण्याला म्हटलं पेपरात आलं तर भागोजी नाईक पण लिही. तर म्हणे, पुस्तकात नाही काका, मार्क कापतील.