वाया गेलेला जुलै : एका वाचककाकांना उत्तर

नमस्कार काका (साठी ओलांडल्याचं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका).

जुलैतल्या माझ्या वाचनावर मी लेख लिहिला, त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जुलैभरात मी अकरा कादंबऱ्या वाचल्या आणि हाती काही लागलं नाही. इकडे कांद्याला भाव नाही, पोरं स्पर्धा परीक्षांत वय घालवतायत, आणि एक नोकरदार बाई ‘मजेसाठी वाचलं’ म्हणून मिरवते. ही निव्वळ नशा आहे.

आधी नशेचं. शब्द अगदी नेमका वापरलात. कादंबरी हे बाणभट्टाच्या नायिकेचं नाव, सातव्या शतकातलं. आपण मराठीत अख्ख्या साहित्यप्रकारालाच ते देऊन टाकलं. पण संस्कृतात कादंबरी म्हणजे मद्यही. बाण ग्रंथ अर्धवट ठेवून गेला, तो मुलाने पुरा केला. त्यानेच श्लेष करून ठेवलाय, की या कादंबरीने सगळे असे झिंगलेत की कुणाला कसलं भान नाही, तेव्हा माझ्या नीरस शब्दांत ती पुरी करायला मी कशाला भिऊ! म्हणजे आरोप मान्य. फक्त तो तेराशे वर्षांहून जुना आहे.

कांद्याचं मात्र लागलं. माझं माहेर निफाड तालुक्यातलं. लासलगावला काय भाव निघाला ते अण्णा रोज फोनवर सांगतात. जुलैतही सांगत होते, आणि फोन ठेवला की मी पुस्तक उघडत होते. ते मिटून ठेवलं असतं तर क्विंटलमागे रुपयाही वाढला नसता.

‘हाती काय लागलं’ याचं उत्तर देणं अवघड आहे. उद्धव शेळक्यांची ‘धग’ घ्या, १९६० सालची. संवाद वऱ्हाडी. पहिली वीस-पंचवीस पानं मी नुसती अडखळत होते. मग एका रात्री स्वयंपाकघरात बसून संवाद मोठ्याने वाचले आणि नायिका कौतिक बोलायला लागली. सासूबाई येऊन विचारून गेल्या, एवढ्या रात्री फोनवर कोण आहे. पुढचे चार दिवस मी त्या घरातच होते. अंबडला जाताना कंपनीच्या बसमध्ये, दुपारी डबा खाताना, डोक्यात एकच: आज हिचा निभाव कसा लागणार? नवरा असा, पोरं तशी, आणि ही बाई संसार पुढे ओढतेच आहे.

बघा, आता ‘त्यातून गरिबी समजली’ असं लिहायला निघाले होते. नाही लिहीत. मला कौतिकचं पुढे काय झालं ते हवं होतं, बस.

पण तुमचा एक प्रश्न झोंबला: मजाच करायची होती, तर मोजलंत कशाला? खरं आहे. सातव्या पुस्तकापर्यंत मी मोजत नव्हते. ऑफिसात कुणीतरी विचारलं, ‘किती झाली?’ तिथून बिघडलं. दहावी कादंबरी मी शालिमारहून घरी येताना रिक्षात संपवली. आज तिच्या नायकाचं नाव आठवत नाही. त्याच आठवड्यात धरणातून पाणी सोडलं होतं, आमच्या नाशिकच्या गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला होता. सगळी गल्ली नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर चढलंय ते बघायला गेली, परत येऊन कमरेपर्यंत की छातीपर्यंत यावर भांडली. मी गेले नाही. आकडा गाठायचा होता ना! महिन्यातलं वाया काय गेलं म्हणाल तर ती संध्याकाळ. त्या लेखाच्या शीर्षकातला ‘अकरा’ काढून टाकलाय.

शेवटी टोमणा मारलात, ‘वाचण्यासारखी एखादी तरी होती का?’ ‘रणांगण’ वाचा, विश्राम बेडेकरांची, १९३९ची. युरोपातून निघालेलं जहाज, त्यावर हिटलरच्या जर्मनीतून सुटलेले ज्यू, आणि त्यांतली हेर्टा. बारीकशीच आहे, दोन रात्रींत झाली. तिसऱ्या रात्री मी पुन्हा पहिल्या पानापासून काढली, म्हणजे माझा आकडा तसाही चुकलेलाच. आपल्या सार्वजनिक वाचनालयाची प्रत सध्या माझ्याकडे आहे, शनिवारी परत करतेय. मागच्या चिठ्ठीवर माझ्या आधीचा शिक्का बराच जुना आहे, तेव्हा नंबर लावावा लागणार नाही.