आयफोन १५ आणि गॅलेक्सी एस२३: 'झुकतं माप' म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. उत्तर लिहायला बसलो तर ते एवढं लांबलं की खालच्या चौकटीत मावेना, म्हणून वेगळं टाकतोय. ज्यांनी आधीचं काही वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आयफोन १५ आणि गॅलेक्सी एस२३ या दोन्हींवर व्हिडिओ बघायला कसं वाटतं ते मी लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की बहुतेक लोकांना दोन्ही सारखेच. तुमचं म्हणणं, हे सरळसरळ ॲपलला झुकतं माप आहे, कारण कागदावर एस२३ जिथं तिथं पुढे, स्क्रीन १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारी) विरुद्ध ६०, बॅटरी ३९०० एमएएच विरुद्ध ३३४९, एव्ही१ प्रकारचा व्हिडिओ उलगडणारा डिकोडर आहे विरुद्ध नाही, वर बेंचमार्कचे (वेग मोजणाऱ्या चाचण्यांचे) स्कोअर, आणि तुमची एक जुनी ॲनिमेची एमकेव्ही फाईल आयफोनवर उघडतच नाही तर एस२३ वर 'गरम होऊन का होईना पण चालते'. आणि जाता जाता विचारलंत की पाकीट मिळालं का.

पाकीट नाही मिळालं हो. मिळालं असतं तर एवढं मिळमिळीत 'दोन्ही सारखेच' कशाला लिहिलं असतं, चांगले ढोल वाजवले असते.

आकडे तुम्ही सगळे बरोबर दिलेत, त्यावर वाद नाहीच. वाद आहे तो त्या आकड्यांवरून तुमच्या फोनवर तुमचा व्हिडिओ कसा चालेल ते कळतं या समजुतीशी. फोन एकटा व्हिडिओ चालवत नसतो. फाईल कुठल्या कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धतीत) आहे, ॲप कुठलं, त्या ॲपकडे कशाकशाचं लायसन्स आहे, स्क्रीन त्या वेळी किती हर्ट्झवर चाललीये, एवढी साखळी आहे आणि त्यातली कुठलीही एक कडी लंगडी असेल तर बाकीच्या कितीही दणकट असल्या तरी उपयोग शून्य.

बेंचमार्कचं पहिलं उरकतो कारण त्यात दम नाही. व्हिडिओ उलगडायचं काम सहसा फोनचा मुख्य सीपीयू करत नाही, चिपमध्ये त्यासाठी वेगळा छोटा भाग असतो, हार्डवेअर डिकोडर, तो ठराविक कोडेकसाठीच बनवलेला असतो आणि तेवढंच काम अगदी थोड्या विजेत करतो. सीपीयू तेव्हा जवळजवळ बसून असतो. मग तुमचा स्कोअर दुप्पट असो नाहीतर चौपट, एच.२६४ चा (सर्रास चालणाऱ्या कोडेकचा) व्हिडिओ त्यानं जास्त चांगला दिसत नाही. आणि उलटं उदाहरण हवं असेल तर २०१८ चा पोको एफ१ आठवा. स्नॅपड्रॅगन ८४५, त्या वर्षीची क्वालकॉमची सगळ्यात वरची चिप, बेंचमार्कला तोड नाही, पण फोन आला तो गूगलच्या वाइडवाइनच्या एल३ लेव्हलवर, म्हणजे डीआरएमची (कॉपी रोखणाऱ्या कुलपाची) खालची पायरी, त्यामुळे नेटफ्लिक्ससारख्या ॲपमध्ये एचडी नाही, ४८०पी वर समाधान माना. एल१, म्हणजे वरची पायरी, अपडेटमधून आलं ते २०१९ मध्ये. वनप्लस ५ आणि ५टी चं तर त्याहून भारी, तिथं एल१ हवं असेल तर फोन कंपनीकडे पाठवून द्यायचा असा मामला होता. स्पेक शीटवर ही ओळ कुठं असते सांगा. (तुमच्या दोन्ही फोनना हा प्रश्न नाहीये, एस२३ ला एल१ आहे आणि ॲपलची त्याच कामासाठी स्वतःची फेअरप्ले आहे. पण उद्या तिसरा एखादा फोन घ्याल तेव्हा स्कोअरच्या आधी हे बघा.)

आता एव्ही१. हा कोडेक २०१८ ला आला, गूगल, नेटफ्लिक्स, ॲमेझॉन वगैरे मंडळींच्या अलायन्स फॉर ओपन मीडियानं काढलेला, रॉयल्टी नको आणि तेवढ्याच क्वालिटीला फाईल लहान हा त्याचा सगळा जीव. मोबाईल चिपमध्ये मीडियाटेकनं २०१९ च्या डायमेन्सिटी १००० मध्येच तो दिला, क्वालकॉमनं स्नॅपड्रॅगन ८ जेन २ मध्ये म्हणजे तुमच्या एस२३ मध्ये, आणि ॲपलनं सगळ्यात उशिरा, ए१७ प्रो पासून, तो १५ प्रो मध्ये आहे, साध्या १५ मध्ये ए१६ असल्यामुळे नाही. इथवर तुमचं बरोबर. पण नाही म्हणून बिघडलं काय? यूट्यूब एकच व्हिडिओ दोनतीन कोडेकमध्ये तयार ठेवतं, फोनला जो झेपतो तो देतं, आयफोन १५ ला सहसा व्हीपी९ (गूगलचा आधीचा कोडेक) मिळतो. यूट्यूब ॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' चालू करा, मग चालू व्हिडिओच्या मेनूतूनही तेच निवडलं की त्यावर बारीक अक्षरांची एक काळी पाटी येते, तिच्यात कोडेकच्या ओळीत एव्ही०१ आहे का व्हीपी०९ का एव्हीसी१ (म्हणजे एच.२६४) ते लिहिलेलं असतं. दोन्ही फोन शेजारी ठेवून, पाटी लपवून कोणालाही विचारा की कुठला एव्ही१ आहे. फरक चित्रात नाही, डेटामध्ये आहे. रोजचा डेटा मोजून वापरणाऱ्या माणसाला तो फरक मोठा आहे हे मान्य, त्यानं एस२३ घ्यावा, पण 'एव्ही१ नाही म्हणून व्हिडिओ खराब' हे काही पटत नाही.

१२० हर्ट्झच्या मुद्द्यावर मात्र तुम्हाला मार्क द्यायला लागतात, जरी तुम्ही कारण भलतंच दिलंय. 'व्हिडिओ जास्त स्मूद दिसतो' असं काही होत नाही, व्हिडिओत जेवढ्या फ्रेम आहेत तेवढ्याच दिसणार, फोन काही मनानं फ्रेम बनवत नाही. फायदा आहे तो भागाकाराचा. सिनेमा असतो सेकंदाला २४ फ्रेमचा. ६० ला २४ नं भाग जात नाही, मग एक फ्रेम तीन वेळा दाखवायची, पुढची दोन वेळा, परत तीन, परत दोन, म्हणजे एक फ्रेम ५० मिलिसेकंद स्क्रीनवर थांबते आणि दुसरी ३३. बोलण्याच्या सीनमध्ये हे कळत नाही. कॅमेरा सावकाश आडवा सरकत असेल, समोर खिडक्यांची रांग किंवा उभे गज असतील, तेव्हा बघा, ते गज सरकत नाहीत, ठेचकाळत जातात. १२० ला २४ नं बरोब्बर पाचाचा भाग जातो, प्रत्येक फ्रेम ४२ मिलिसेकंदच्या आसपास सारखीच थांबते आणि तो ठेचका जातो. एकदा डोळ्यात बसला की सुटत नाही, म्हणून ज्यांना दिसत नसेल त्यांनी कृपया शोधायला जाऊ नका.

पण, आणि हा पण मोठा आहे, स्क्रीन १२० ची असली म्हणजे व्हिडिओच्या वेळी ती १२० वर असतेच असं नाही. बरेच फोन व्हिडिओ सुरू झाला आणि बोट उचललं की बॅटरी वाचवायला ६० वर उतरतात, की आलं परत तेच तीन-दोन-तीन-दोन. अँड्रॉइड ११ पासून ॲपला सिस्टिमला सांगता येतं की माझा व्हिडिओ इतक्या फ्रेमचा आहे, त्याप्रमाणे स्क्रीन लाव, पण ॲपनं ते सांगायला पाहिजे ना. डेव्हलपर ऑप्शनमध्ये रिफ्रेश रेट दाखवायचं बटण असतं, ते चालू केलं की कोपऱ्यात आकडा दिसत राहतो, तुमच्या आवडत्या ॲपमध्ये सिनेमा लावा, दहा सेकंद हात लावू नका आणि तो आकडा बघा. ६० झाला तर त्या ॲपपुरता तुमचा आणि आयफोनचा सामना बरोबरीत. आणि ३० किंवा ६० फ्रेमचे व्हिडिओ, म्हणजे फोननं काढलेले, स्क्रीन रेकॉर्डिंग, बरेचसे रिव्ह्यू वगैरे, ते दोन्हीकडे नीट बसतात, तिथं १२० चा काही संबंध नाही. २५ फ्रेमचं टीव्हीचं जुनं रेकॉर्डिंग असेल तर ते ६० मध्ये पण बसत नाही आणि १२० मध्ये पण नाही, फक्त १२० वर कमी अडखळतं.

तुम्ही म्हणालात की '४के बद्दल लेखात चकार शब्द नाही'. कारण दोन्ही फोनवर ४के दिसतच नाही! एस२३ ची स्क्रीन २३४० बाय १०८०, आयफोनची २५५६ बाय ११७९, दोन्ही ६.१ इंची, दोन्हींचा आकार १९.५:९. यूट्यूबवर ४के निवडलं तरी स्क्रीनला तेवढे पिक्सेल नाहीत. तरीपण निवडून बघा, कारण ४के ला बिटरेट (दर सेकंदाचा डेटा) जास्त मिळतो, त्यामुळे पाऊस, गर्दी, अंधारातला धूर अशा ठिकाणी जे चौकोन चौकोन दिसतात ते कमी होतात. आणि त्या ६.१ इंचाचंही फार कौतुक नको. १६:९ चा व्हिडिओ या लांबट स्क्रीनवर लावला की डावीउजवीकडे काळे पट्टे येतात आणि प्रत्यक्ष चित्र उरतं साधारण ५.२ इंचाचं. २०१४ चा आयफोन ६ प्लस ५.५ इंची होता पण स्क्रीनच १६:९, म्हणजे हाच व्हिडिओ त्याच्यावर मोठा दिसायचा. चिमटीनं झूम करून पट्टे घालवता येतात पण मग वरचं खालचं मिळून १८ टक्के चित्र कापलं जातं, माणसांची कपाळं जातात आणि चित्रातच छापलेली सबटायटल असतील तर ती पण. यात दोन्ही फोन सारखेच दोषी.

एचडीआर चा (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणाऱ्या व्हिडिओचा) मुद्दा तुम्ही काढलाच नाहीत आणि तो नेमका एस२३ च्या विरुद्ध जातो. सॅमसंग फोनमध्ये डॉल्बी व्हिजन (एचडीआर चाच एक प्रकार) देत नाही, एचडीआर१० आणि एचडीआर१०+ वर भर, आणि आयफोन ८ आणि एक्स पासून ॲपल डॉल्बी व्हिजन दाखवतंय. मी हे धरून बसलो असतो तर 'झुकतं माप' झालं असतं, नाही का. पण धरलं नाही, कारण ज्या शोला डॉल्बी व्हिजन असतं तो एस२३ ला सहसा एचडीआर१० मध्ये मिळतो, आणि सहा इंची स्क्रीनवर, खोलीत दिवा चालू असताना, हा फरक ओळखणारे फार थोडे. कंपन्यांचे ब्राइटनेसचे आकडे, एस२३ ला १७५० निट्स, आयफोनला एचडीआर मध्ये १६०० आणि उन्हात २०००, हे स्क्रीनच्या लहान भागाचे, थोड्या वेळाचे, त्यावरून सिनेमा अख्खा तसा उजळ दिसेल असं समजू नका.

बॅटरीबद्दल एवढंच की एमएएच थेट तासात बदलत नाहीत. ॲपलच्याच शीटवर आयफोन १५ ला फोनमधल्या व्हिडिओसाठी २० तास लिहिलंय आणि स्ट्रीमिंगसाठी १६. फोन तोच, बॅटरी तीच, चार तास नेटवर्कनं खाल्ले. त्यात ओलेड स्क्रीन पांढऱ्याला जास्त वीज घेते आणि काळ्याला जवळजवळ काहीच नाही, म्हणजे अंधाऱ्या सिनेमाचे तास वेगळे आणि रंगीबेरंगी कार्टूनचे वेगळे.

आता तुमची ती फाईल, खरं तर ह्याच्यासाठीच एवढं लिहायला घेतलं. एमकेव्ही म्हणजे कोडेक नाही, ते नुसतं पाकीट (हो, तुमचंच), आत पत्र कुठल्या भाषेत आहे ते पाकिटावरून कळत नाही. आयफोनचं फाइल्स ॲप हे पाकीट उघडतच नाही, तो ॲपलचा हट्ट आहे आणि मला पण आवडत नाही, पण व्हीएलसी टाका, २०१३ पासून आयफोनवर आहे, फुकट आहे, फाईल चालेल. 'आयफोनवर चालत नाही' आणि 'आयफोनच्या आयत्या ॲपमध्ये चालत नाही' यात फरक करा. अँड्रॉइडवरही असंच होतं, एमएक्स प्लेअरमध्ये चित्र चालू आणि आवाज गायब, खाली ईएसी३ (डॉल्बीचा आवाजाचा कोडेक) सपोर्टेड नाही अशी पट्टी, हे बघितलं असेलच, तिथं पण फोन नाही, डॉल्बीचं लायसन्स आडवं येतं.

आणि एस२३ गरम का होतो? फाईल मीडियाइन्फोमध्ये (फाईलच्या आत काय आहे ते दाखवणारं ॲप) उघडा आणि व्हिडिओच्या खाली प्रोफाईल बघा. जुन्या ॲनिमे फाईल आहेत म्हणता तर माझा अंदाज 'हाय १०' लिहिलेलं असेल, म्हणजे १० बिट एच.२६४ (नेहमीच्या ८ बिटपेक्षा रंगांच्या जास्त छटा). ॲनिमेवाल्या लोकांनी एके काळी हा प्रकार डोक्यावर घेतला होता कारण आकाशाच्या रंगात पट्टे पडत नाहीत, पण फोनच्या चिपमधले डिकोडर एच.२६४ सहसा ८ बिटच समजतात. मग काम येतं सीपीयूवर, सॉफ्टवेअर डिकोडिंग, म्हणून तापणं आणि बॅटरी धडाधड उतरणं. व्हीएलसीमध्ये आयफोनवर चालवाल तर तोही तापू शकतो. एमएक्स प्लेअरमध्ये वर कोपऱ्यात एचडब्ल्यू (हार्डवेअर) च्या जागी एसडब्ल्यू (सॉफ्टवेअर) दिसत असेल तर खात्रीच झाली.

यावर नुसतं पाकीट बदलून, म्हणजे एफएफएमपेगनं (व्हिडिओ फाईल बदलायचं साधन) कॉपी करून एमपी४ केलं तर काही होणार नाही, आतलं पत्र तेच राहतं. एचईव्हीसी (एच.२६४ नंतरचा कोडेक) १० बिटमध्ये नव्यानं एन्कोड करायला लागेल, तो दोन्ही फोनच्या हार्डवेअरला कळतो, आणि एमपी४ करताना टॅग एचव्हीसी१ असा द्या, एचईव्ही१ राहिला तर आयफोनचं आयतं ॲप परत तोंड फिरवेल. फक्त एक, फाईलमध्ये एएसएस सबटायटल असतील, ती रंगीत, पाटीवरचा मजकूर पाटीवरच दाखवणारी, तर ती एमपी४ मध्ये तशी राहत नाहीत, साधी पांढरी होतात. ती हवी असतील तर व्हिडिओ एचईव्हीसी करा पण एमकेव्हीमध्येच ठेवा आणि दोन्हीकडे व्हीएलसीत बघा. मीडियाइन्फोमध्ये हाय १० च्या ऐवजी दुसरं काही निघालं तर ती अख्खी ओळ इथं चिकटवा, बघू काय ते.