"मामी, मला विचारलं होतंस का?"

मे महिन्यात साताऱ्याला माहेरी गेले होते. परसात आई नातीला न्हाऊ घालत होती. लेक आठ वर्षांची, अंगाला पंचा गुंडाळलेला, डोळ्यांत शिकेकाई गेल्यामुळे तोंड वेडंवाकडं झालेलं. वहिनीने पटकन फोटो काढला आणि "आजीच्या हातची अंघोळ" असं लिहून स्टेटसला ठेवला. संध्याकाळी लेकीने तो पाहिला. "मामी, मला विचारलं होतंस का?" सगळे हसले. "अगं, एवढीशी तू, तुला काय विचारायचं?" ती काही बोलली नाही, पण रात्री जेवायलाही आली नाही.

भाऊ म्हणाला, "तिकडे राहून मुलांना फार डोक्यावर चढवता तुम्ही. आपलंच लेकरू, त्यात कसली परवानगी?" त्या रात्री मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून आता लिहिते आहे.

आम्ही नेदरलँड्समध्ये, आम्स्टेलव्हेनला राहतो. इथल्या आमच्या शाळेतून दरवर्षी एक फॉर्म येतो. वर्गाचं ॲप, शाळेची वेबसाइट, सोशल मीडिया, प्रत्येकासाठी हो की नाही ते वेगवेगळं विचारतात. पहिल्या वर्षी मी न वाचताच सगळीकडे हो केलं होतं.

पण इकडचं सगळंच मला पटतं असं नाही. २०२० साली इथल्या हेल्डरलंडच्या न्यायालयाने एका आजीला नातवंडांचे फोटो फेसबुक आणि पिंटरेस्टवरून काढायला लावले, नाहीतर दिवसाला ५० युरो दंड, जास्तीत जास्त १,००० युरोपर्यंत. मुलांच्या आईनेच दावा लावला होता. त्यांतला एक नातू काही वर्षं त्या आजीकडेच राहिला होता. हे वाचून मला वाईट वाटलं. घरातली गोष्ट कोर्टात जावी असं मला कधीच वाटणार नाही.

आणि त्या खटल्यातही प्रश्न होता तो आईच्या संमतीचा. भारताच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी संमती पालकच देतात, आणि घरगुती, वैयक्तिक वापर तर त्यातून वगळलेलाच आहे. म्हणजे आईबाप मुलाच्याच बाजूचे असणार, हे कायद्याने धरूनच चाललंय. फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये मात्र स्पष्ट लिहिलं की फोटोबद्दल ठरवताना मुलालाही, त्याच्या वयाप्रमाणे आणि समजुतीप्रमाणे, सामील करून घ्यायचं. मला हेच हवंय, फक्त कायद्याऐवजी घरच्या रीतीतून.

भावाला वाटतं हे विलायती खूळ आहे. पण सव्वा महिना बाळाला बाहेर न काढणारी, कुणी टक लावून पाहिलं तर लगेच पदराआड घेणारी आमचीच आजी होती ना? दृष्ट लागते की नाही ते सोडा. लेकरू सगळ्यांना दाखवायचं नसतं, एवढं तिला पक्कं माहीत होतं. वहिनीच्या फोनमध्ये दूधवाल्यापासून भिशीतल्या बायकांपर्यंत चारेकशे नंबर आहेत. पंच्यातली मुलगी त्या सगळ्यांना कशाला दिसायला हवी?

फोटो काढूच नयेत असं मी म्हणत नाही. फोटो नसते तर नातीचा पहिला दात कधी पडला ते माझ्या आईला कळलंही नसतं. पण आईला पाठवणं वेगळं आणि चारचौघांत मांडणं वेगळं. तान्ह्या बाळाला विचारता येत नाही, म्हणून तर ते विचारण्याजोगं होईपर्यंत थांबायचं. आणि एकदा विचारलं की "नको" ऐकायची तयारी हवी.

परत आल्यावर तिच्या पहिल्या बोरन्हाणाचे, मीच फेसबुकवर टाकलेले फोटो आम्ही दोघींनी बसून पाहिले. हलव्याचा मुकुट घातलेला एक तिने ठेवू दिला. रडतानाचे सगळे काढायला लावले. त्यांतला एक माझा फार लाडका होता.

वहिनीने स्टेटस त्याच रात्री काढलं, पण ती अजून दुखावलेली आहे. तिने प्रेमानेच ठेवलं होतं, हे मी तिला फोनवर दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा लेकीने सांगितलं, "मामी, पुढच्या वेळी मला आधी दाखव."