माझ्या पुठ्ठ्याचं उदाहरण देऊ नका

गेल्या रविवारी पुतण्याचा सातवा वाढदिवस झाला, इंदुरात, बायपासकडच्या एका गार्डनमध्ये. सोमवारी सकाळी घरच्या ग्रुपवर फोटो आले. लाल-निळ्या फुग्यांची कमान, कमानीखाली पुतण्याहून उंच असा 7चा आकडा, एक जिवंत स्पायडरमॅन (आत घामाघूम झालेला कोणीतरी कॉलेजचा मुलगा), शंभर-सव्वाशे माणसं. दुपारपर्यंत सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. मग तिलकनगरच्या आत्याने लिहिलं, “एवढ्या पैशांत आमच्या वेळी लग्नं व्हायची.” वहिनीने उत्तर दिलं, “आत्या, तेव्हा सोन्याचा भाव काय होता तेही लिहा ना.” काकांनी मध्येच, स्पायडरमॅन कशाला हवा, आपला मारुती काय कमी आहे, असा तिसराच फाटा फोडला. आणि संध्याकाळी आत्याने माझा फेब्रुवारीतला फोटो शोधून काढून पुन्हा टाकला: लाइपझिगमधल्या आमच्या फ्लॅटचा बोळ, त्यात पुठ्ठ्याचं शहर, आणि जुन्या कपड्यांचे केप घातलेली सहा मुलं. खाली लिहिलं होतं, “बघा. जर्मनीत राहून घरच्या घरी केलं. याला म्हणतात संस्कार.”

वहिनीने त्यावर नुसता अंगठा टाकला. घरच्या ग्रुपवर ज्यांनी दिवस काढलेत त्यांना त्या अंगठ्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

आत्या, तू हे वाचशीलच, म्हणून आधीच सांगतो. मी पुठ्ठा कापला तो संस्कारांमुळे नाही. 2025 मध्ये इथे माणसाला ताशी किमान 12.82 युरो द्यावे लागत होते, आणि फुगे बांधायला येणारा माणूस काही किमान दरात येत नाही. तो येणार, लावणार, पार्टीनंतर काढून नेणार, म्हणजे माझा महिन्याचा किराणा गेला. दुसरं म्हणजे पाहुणे. मुलाचं जितकं वय तितके मित्र बोलवायचे, असा इथे पालकांचा अलिखित नियम आहे. लेक सहा वर्षांची झाली, सहा मुलं आली, दुपारी तीनला. आईबाप दारात सोडून गेले आणि सहाला घेऊन गेले. सहा मुलांसाठी बोळभर शहर उभं करणं जमतं. सव्वाशे माणसांसाठी मी काय केलं असतं? वहिनीने केलं तेच, तेही तसा फुगेवाला मुलगा इथे मिळाला असता तर.

इंदुरात वेळ महाग आणि हात स्वस्त, इथे दोन्ही महाग. त्यातला माझा वेळ मी घरात फुकट धरतो, म्हणून माझी पार्टी ‘साधी’ दिसते. तीन आठवडे रोज रात्री दोन तास मी आणि बायको बसलो होतो. शनिवारी रात्री गोंद संपला, तर रविवारी दुकानं बंद. शेजारच्या आजींकडून अर्धी नळी मागून आणली. इंदूरच्या रानीपुरा बाजारात जाऊन अर्ध्या तासात पिशव्या भरून आणायची सोय असती तर मी या भानगडीत पडलोच नसतो.

पडलो, आणि मग मजाही आली, हे मात्र कबूल.

केप सगळ्यांत सोपे. जुना मोठ्या मापाचा टी-शर्ट घ्यायचा, दोन्ही बाह्या कापायच्या, पुढचा भाग गळ्याच्या पट्टीखालून पूर्ण काढून टाकायचा. उरते ती गळ्याची पट्टी आणि पाठ. झाला केप, शिलाई शून्य, कारण होजियरीच्या कापडाचे धागे सुटत नाहीत. लांबी गुडघ्याच्या मागपर्यंतच ठेवायची, नाहीतर पहिल्याच उड्डाणाला नायक तोंडावर. मी हे मोठ्या अभिमानाने व्हिडिओवर आईला दाखवलं. आई म्हणाली, “आणि मागून कोणी ओढला म्हणजे? गळा आवळेल की रे.” मग पट्टी पुढून कापून टिचबटण लावायला सांगितलं. ओढलं की टचकन सुटतं. सगळ्याच केपना मी टिचबटणं लावली आणि पार्टीत ती किती वेळा सुटली याचा हिशोब नाही. कपड्यांच्या दुकानातल्या चकचकीत पोशाखाला मागे वेलक्रो असतो तो यासाठीही, हे मला त्यानंतर कळलं. युरोपात असे पोशाख कायद्याने कपड्यांत नाही, खेळण्यांत मोडतात, आणि पेट घेण्याबाबतची त्यांची चाचणीही खेळण्यांचीच. म्हणून आमच्याकडे औक्षण आधी, साध्या फ्रॉकवर; निरांजन विझलं, ताट देव्हाऱ्यापाशी गेलं, की मग केप. सुती कापडही पेटतंच, घरचं आहे म्हणून ते काही वेगळं जळत नाही.

बोळात बायकोने पांढरी लोकर आडवी-तिडवी बांधली आणि त्या जाळ्यात आईने मागे पाठवलेले घुंगरू अडकवले. घुंगरू न वाजवता पलीकडे जायचं. सहा जर्मन मुलं श्वास रोखून सरपटताना पाहिली आणि वाटलं, ही सगळ्यांत स्वस्त गोष्ट निघाली.

आणि मग ती मोटर. इथे गोष्ट आजोबांकडे जाते.

आजोबा हुकुमचंद मिलमध्ये फिटर होते. अनंत चतुर्दशीच्या आधी महिनाभर ते घरी उशिरा यायचे, कारण मिलची झांकी, म्हणजे मिरवणुकीतला हलता देखावा, उभी राहत असायची. ज्यांनी ती मिरवणूक पाहिली नाही त्यांच्यासाठी: इंदूरच्या कापड मिलच्या कामगारांनी सुरू केलेली, शंभर वर्षांची परंपरा. ट्रॉल्यांवर हलते देखावे, रात्रभर रस्त्यावर माणूस मावत नाही, झांक्यांबरोबर आखाडेही चालतात, आणि पोरं बापाच्या खांद्यावर झोपी जातात. हुकुमचंद मिल 1991च्या डिसेंबरात बंद पडली, कामगारांची देणी मिळायला 2023चा डिसेंबर उजाडला, पण झांक्या निघत राहिल्या. मला आठवतो तो आजोबांनी स्टुलावर दाखवलेला प्रकार. मोटरच्या चाकाला खिळा मधोमध नाही मारायचा, कडेला मारायचा. त्या खिळ्याला सळई, सळईचं दुसरं टोक पुतळ्याच्या हाताला. चाक गोल फिरतं, हात वर-खाली होतो. “बस, एवढाच चमत्कार,” असं म्हणून ते बिडी शिलगावत.

मी जुन्या बाजारातून डिस्को बॉल फिरवायची छोटी मोटर आणली. सावकाश फिरते, म्हणून बरी. पुठ्ठ्याची चाकती, कडेला स्क्रू, सायकलच्या चाकाची तार, आणि शहराच्या सर्वांत उंच इमारतीवर लेकीनेच काढलेली नायिका. तिला नाव नाही, तिची शक्ती म्हणे ‘बंद दुकान उघडणं’. बाप शनिवारी रात्री गोंद शोधताना पाहिला की पोरांना अशा शक्ती सुचतात. ती नायिका हात हलवत होती. पाचव्या मिनिटाला हात खांद्यातून निखळून केकमध्ये पडला. आजोबा असते तर म्हणाले असते, वॉशर घातला नाहीस.

पुठ्ठा आणि रंग मी आणले ते श्पिनेराईच्या आवारातून. 1884 साली सुरू झालेली ही सूतगिरणी एकेकाळी युरोपच्या मुख्य भूमीवरची सर्वांत मोठी गणली जायची; आता तिच्या खात्यांमधून चित्रकारांचे स्टुडिओ आणि गॅलऱ्या आहेत. तिथल्या विटांच्या भिंतींपाशी उभं राहिलं की मला दर वेळी इंदूरची ती मिल आठवते. ते असो.

आता ‘घरचं’ या शब्दाबद्दल. आत्याला वाटतं, जर्मन लोक साधे, म्हणून घरी करतात. इथे हाताने करण्याला ‘बास्टेल्न’ म्हणतात आणि त्याचा बडेजाव आपल्या बलून-कमानीपेक्षा तसूभरही कमी नाही. नोव्हेंबरात पोरांचे कागदी कंदील, पहिलीत जाताना खाऊने भरलेला पुठ्ठ्याचा शंकू, तो मुलाच्या उंचीच्या निम्मा तरी हवा आणि शक्यतो घरी शिवलेला. ज्या आईने तो विकत आणला तिच्याकडे बालवाडीच्या दारात ज्या नजरेने बघतात, ती नजर मी इंदुरात हळदीकुंकवाच्या वाणावरून पाहिली आहे. साधेपणाचीही चढाओढ लागते. आणि त्यात रात्र रात्र जागते ती बहुतेक आईच. आमच्या घरी मोटर माझी, फोटोत मी, शाबासकी मला. पाहुण्यांची यादी, कोणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, दोन केक, जाताना द्यायच्या पुड्या, हे सगळं बायकोचं, आणि आत्याच्या संस्कारवाल्या मेसेजमध्ये तिचं नावही नाही.

उलट गेल्या डिसेंबरात आम्ही इंदुरात होतो तेव्हा शेजाऱ्यांच्या बारशाला फुगे लावणारा मुलगा आला होता. मी पोह्याची बशी घेऊन त्याच्याजवळ बसलो. त्याने खोक्याला एक गोल भोक पाडलं होतं. प्रत्येक फुगा त्या भोकातून जाईल तेवढाच ठेवायचा. जास्त झाला तर थोडी हवा सोडायची. मग दोन-दोन फुग्यांच्या गाठी, दोन गाठींना पीळ देऊन चौकडी, आणि अशा चौकड्या दोरीवर एकाला एक बिलगून. मोजपट्टी नाही, काही नाही, आणि कमान अशी एकसारखी की आजोबांनी बोट फिरवून पाहिली असती. बोटांच्या पेरांना त्याने पांढरी पट्टी गुंडाळली होती, रबराने कातडी सोलवटते म्हणून. हे ‘रेडिमेड’? माझ्या बोळातल्या शहराइतकंच ते हाताने केलेलं होतं, फक्त हात दुसऱ्याचे, आणि माझ्याहून कितीतरी तयार. आजोबाही झांकीच्या कामाला घरचे नव्हतेच, मिलचे पगारी फिटर होते. त्यांच्या झांकीला आपण परंपरा म्हणतो आणि या मुलाच्या कमानीला उधळपट्टी, हे मला जमत नाही.

काकांच्या मारुतीचं थोडक्यात. सुपरमॅन 1938चा, आणि त्याचा तो विजारीवरून चड्डीचा थाट आला सर्कशीतल्या पैलवानांकडून. म्हणजे आपल्या चतुर्दशीच्या आखाड्यातले मल्ल त्याचे लांबचे भाऊबंदच म्हणायचे. मी स्वतः शाळेत मारुती झालो होतो, शेपटीत तार आणि वर आजीच्या लुगड्याची पट्टी. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1997 मध्ये शक्तिमान आला आणि मी आईकडून परकराच्या मरून कापडाचा पोशाख शिवून घेऊन गोल गोल फिरत ओट्यावरून पडलो. काका, एकाच पोरात दोघेही राहत होते, भांडण झालं नाही.

आत्याचं एक मात्र मला पटतं, आणि ते तिने रागाच्या भरात, तिसऱ्या मेसेजमध्ये, शुद्धलेखनाच्या चुकांसकट लिहिलं: “त्या पोराला विचारा, त्याने त्यात काय केलं?” पुतण्याने काही केलं नव्हतं. तो सात वाजता तयार होऊन गाडीतून उतरला आणि सगळं आधीच उभं होतं. थर्मोकोलची इमारतही होती, आणि थर्मोकोल सजावटीसाठी वापरायला भारतात 2022च्या 1 जुलैपासून बंदी आहे. फुग्याच्या प्लास्टिकच्या काड्याही त्याच यादीत आहेत, आणि युरोपात त्या काड्या वर्षभर आधी, 2021च्या 3 जुलैलाच बंद झाल्या. सलग इतकी वर्षं स्वच्छतेत पहिलं येणाऱ्या शहरात ओला-सुका कचरा पाठ असलेलं पोर त्या थर्मोकोलपाशी उभं राहून फोटो काढतं, हे मलाही खटकलं. पण त्यावर उपाय जर्मनीतून फोटो मागवणं नाही. त्या फुगेवाल्या मुलाला दोन तास आधी बोलवा आणि पुतण्याला त्या खोक्यापाशी बसवा. फुगा भोकातून जातो की नाही बघायला कुठल्या पोराला आवडणार नाही?

हे मी वहिनीला फोनवर म्हटलं, ग्रुपवर नाही. ती आधी गप्प राहिली, मग म्हणाली, “भावजी, ते हात हलवायचं मशीन किती व्होल्टचं होतं?” मी सांगितलं, आणि वॉशर घालायला विसरू नका म्हटलं. काल तिचा मेसेज आला. मोटर रानीपुऱ्यात मिळाली, पुतण्याने खोक्यावर स्पायडरमॅन काढलाय, आणि तार वाकवायला तोच फुगेवाला मुलगा शनिवारी येणार आहे. आत्याला अजून सांगितलेलं नाही.