तपासलेली गोळी कुणाच्या हातात? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

(माझ्या वयाच्या मुली घरात आहेत असं तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका.) गोव्यातल्या संगीत महोत्सवाच्या जागी नशेच्या गोळ्या तपासण्याची सोय असावी, असं मी लिहिलं होतं. तुमचे आक्षेप तीन. तपासून दिलं की पोरांना ती परवानगी वाटणार. बाहेरून मजा मारायला येणाऱ्यांसाठी गोंयकारांनी का झिजायचं? आणि तुमच्या घरातला मुलगा असता तर तपासलेली गोळी त्याच्या हातावर ठेवली असती का?

मधला आक्षेप आधी उरकते. 2024 मध्ये सनबर्न महोत्सव उत्तर गोव्यातल्या धारगळला आला तेव्हा गावातून विरोध झाला, प्रकरण हायकोर्टात गेलं. महोत्सवच नको म्हणत असाल तर त्या निवेदनावर माझीही सही घ्या. पण असे महोत्सव होतायत तोवर, आत कोसळलेलं पोर कुठल्या गावचं हे 108 वाला विचारत बसत नाही.

आता परवानगीचं. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला 2018 साली ‘ग्रूव्हिन द मू’ महोत्सवात अशी तपासणी झाली. तिथे सुरुवातीलाच सांगतात की धोका टाळायचा असेल तर घेऊच नका. मग गोळीची कणभर भुकटी खरवडून यंत्राखाली धरतात. आलेल्याने ‘म्हणजे सेफ ना?’ विचारलं तरी ‘सेफ’ हा शब्द कुणी उच्चारत नाही. काय सापडलं तेवढं सांगतात. शेजारी डबा असतो, त्यात गोळी टाकणाऱ्याला नाव-गाव विचारत नाहीत. त्या तपासणीत एन-इथाइलपेंटिलोन हे भलतंच घातक द्रव्य निघालं होतं. कळंगुटच्या किनाऱ्यावर धोक्याच्या लाल बावट्यापाशी उभा असलेला जीवरक्षक दारू पिऊन पाण्यात शिरलेल्यालाही ओढून काढतो. म्हणून त्याने पोहायची परवानगी दिली, असं आपण म्हणत नाही.

तुम्ही न घेतलेला आक्षेप मात्र खरा जड आहे. रंग बघून तपासायचं स्वस्तातलं किट खोटा दिलासा देतं. पांढऱ्या बशीत भुकटी, वर मार्की द्रावणाचा एक थेंब, जांभळट काळा रंग आला की एमडीएमए (म्हणजे पार्ट्यांत चालणारं ‘एक्स्टसी’) आहे असं समजतात. पण त्यात पीएमए हे जास्त घातक द्रव्य मिसळलेलं असेल तरी रंग तोच, कारण पीएमए त्या थेंबाला दादच देत नाही. हे पीएमए उशिरा चढतं. पोरगं ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरी गोळी घेतं आणि अंग तापत जातं. शिवाय गोळीत 80 मिलिग्रॅम आहे की 200, हे रंगावरून कळत नाही. म्हणून किट वाटून मोकळं होणाऱ्यांच्या मी विरोधात आहे. यंत्र हवं, ते चालवणारा रसायनतज्ज्ञ हवा, आणि पैसे आयोजकाचे नकोत. नाहीतर तो तपासणीचा तंबू जाहिरातीपुरता राहील.

इथली अडचण कायद्याची. 1985 च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली एमडीएमएचं ‘अल्प प्रमाण’ अर्धा ग्रॅम आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालानुसार वजन भेसळीसकट धरतात, म्हणजे दोन-तीन गोळ्यांत मर्यादा ओलांडते आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. तंबूबाहेर पोलीस दिसला तर आत कोण येईल? नमुना हातात घेणाराही कचाट्यात सापडेल. सरकारने रीतसर मुभा दिल्याशिवाय यात उत्साही स्वयंसेवकांनी पडू नये. मुभा देणं अशक्य मात्र नाही. नशेची सुई टोचणाऱ्यांना एचआयव्ही होऊ नये म्हणून नाको या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या कार्यक्रमातून सरकार स्वच्छ सुया देतंच की. तेव्हा कुणी परवानगीचा मुद्दा काढून ते बंद पाडलं नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. मुलगा नाही, धाकटा भाऊ आहे. त्याच्या हातावर गोळी ठेवली असती का? नाही. डब्यात टाकायला लावली असती, वर दोन शिव्या. पण तो मला विचारणारच नाही, काका. घरी ‘मडगावला मावशीकडे जातो’ सांगून तो वागातोरला पार्टीत असेल. तुमच्या मुलीही तुम्हाला सगळं सांगत असतील, असं वाटत नाही.

आणि तंबूला कायद्याची वाट पाहावी लागेल, पण एक काम या डिसेंबरातही होण्यासारखं आहे. 2014 च्या डिसेंबरात हॉलंडमध्ये तपासणीला आलेल्या गुलाबी ‘सुपरमॅन’ गोळ्यांत पीएमएमए सापडलं. हे पीएमएचंच भावंड. तिथे ताबडतोब देशभर इशारा दिला गेला. इंग्लंडमध्ये तसा इशारा वेळेत पोचला नाही, आणि नाताळ-नववर्षाच्या सुमारास तशाच गोळ्यांनी चार जण गेले. आपल्याकडेही पोलीस गोळ्या पकडतात, त्या प्रयोगशाळेत जातात, अहवाल खटल्यासाठी फाईलला लागतो. त्यात घातक काही निघालं तर गोळीचा रंग, छाप आणि द्रव्याचं नाव त्याच दिवशी जाहीर करावं. याला नवा कायदा लागत नाही, आणि परवानगी वाटण्यासारखंही त्यात काही नाही. या मागणीवर तुमची सही मिळेल का?