कम्युनिटी कॉलेजात केमिस्ट्री केली म्हणून डॉक्टरकी हुकत नाही

अमेरिकेत मेडिकलचं शिक्षण चार वर्षांच्या कॉलेजनंतर सुरू होतं, आणि त्यातली पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे घराजवळच्या स्वस्त सरकारी दोन वर्षांच्या कॉलेजात, करता येतात. तरीही अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. शब्द इकडेतिकडे होतात, मजकूर तोच: "मुलांना मेडिकलला पाठवायचं असेल तर कम्युनिटी कॉलेजची पायरी चढू देऊ नका. तिथले कोर्स मेडिकल स्कूल धरत नाहीत. तिथे ए ग्रेड वाटतात, म्हणून त्याला किंमत नाही. पाया कच्चा राहतो आणि एमकॅट या प्रवेशपरीक्षेला मार खातात. आणि ट्रान्स्क्रिप्टवर (कॉलेजच्या गुणपत्रिकेवर) ते नाव दिसलं की अर्ज बाजूला पडतो." खाली जोडलेल्या हातांची रांग लागते आणि कोणीतरी लिहितं, "बरं झालं वेळेवर सांगितलंत."

याने बरं कोणाचंच होत नाही, आणि ज्यांच्या घरी पैशाची ओढाताण आहे त्यांचं तर थेट नुकसान होतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

"कोर्स धरत नाहीत." कोण धरत नाही? एमडी (तिथली डॉक्टरकीची पहिली पदवी) देणाऱ्या बहुतेक मेडिकल स्कूलांचे अर्ज एएएमसी या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या एम्कास या अर्जसेवेतून जातात. तिथे बारावीनंतर, किंवा शाळेत असतानाही, ज्या ज्या कॉलेजात क्रेडिट घेतलं त्या प्रत्येकाचं ट्रान्स्क्रिप्ट द्यावं लागतं. बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा एकत्र जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, एम्कास वेगळा काढतं. त्या हिशेबात कम्युनिटी कॉलेजातल्या चार क्रेडिटच्या केमिस्ट्रीचं वजन मोठ्या युनिव्हर्सिटीतल्या चार क्रेडिटच्या केमिस्ट्रीइतकंच असतं.

प्रवेशाची पूर्वअट म्हणून तो कोर्स चालतो की नाही, हे मात्र प्रत्येक मेडिकल स्कूल स्वतः ठरवतं. पुष्कळ ठिकाणी चालतो. काही ठिकाणी चालतो, पण पुढे चार वर्षांच्या कॉलेजात त्याच विषयाचे वरच्या पातळीचे कोर्स केलेले असावेत अशी अपेक्षा असते. काही थोड्या ठिकाणी स्पष्ट नापसंती लिहिलेली असते. हे सगळं एएएमसीच्याच एमएसएआर या माहितीकोशात मेडिकल स्कूलनिहाय वाचता येतं. फॉरवर्ड करायला जितका वेळ लागतो, त्याहून थोडा जास्त वेळ लागेल इतकंच.

एक गंमत पाहा, खरं तर खंतच. हेच पालक मुलाने एपी केमिस्ट्रीत (शाळेत असतानाच द्यायच्या कॉलेज पातळीच्या परीक्षेत) पाचपैकी पाच मिळवले की निर्धास्त होतात. प्रत्यक्षात एपीचं क्रेडिट पूर्वअट म्हणून न धरणारी, किंवा त्याच्या जोडीला वरचा कोर्स मागणारी मेडिकल स्कूलं बरीच आहेत. त्याबद्दल ग्रुपवर कोणी सावध करत नाही.

"ए ग्रेड वाटतात." हे म्हणणाऱ्याने तिथल्या ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये एक दुपार उभं राहावं. सॅलिसिलिक अ‍ॅसिडपासून अ‍ॅस्पिरिन करायचं, हा नेहमीचा प्रयोग. पांढरे स्फटिक गाळून, वाळवून, काचेच्या बारीक नळीत भरायचे आणि ते कोणत्या तापमानाला वितळतात ते बघायचं. शुद्ध अ‍ॅस्पिरिन साधारण १३५ अंश सेल्सिअसच्या आसपास झटकन वितळतं. कोणाची पूड १२० लाच भिजल्यासारखी दिसू लागते आणि १३० पर्यंत रेंगाळत वितळते. म्हणजे माल अशुद्ध, पुन्हा विरघळवा, पुन्हा स्फटिक करा. कम्युनिटी कॉलेजात हे सांगायला बाकापाशी स्वतः प्राध्यापक येतात, कारण वर्गात मुलं वीस-पंचवीस असतात. मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीचं लेक्चर तीनशे-चारशे मुलांचं असतं आणि लॅब पीएचडी करणारे विद्यार्थी सांभाळतात. ते वाईट शिकवतात असं मी म्हणत नाही. पण अर्जाच्या वेळी विज्ञानाच्या प्राध्यापकांची शिफारसपत्रं लागतात, आणि चारशेंच्या वर्गात मागच्या रांगेत बसलेल्या मुलीबद्दल दोन ओळींपलीकडे कोण काय लिहिणार?

काही कॉलेजांत ग्रेड सैल असतील. तशा त्या काही नावाजलेल्या महागड्या युनिव्हर्सिटींतही असतात. ग्रेड खरा की फुगवलेला हे ताडून बघायला प्रवेश समितीच्या हाती एमकॅट असतो, आणि तो सगळ्यांना सारखाच.

"एमकॅटला मार खातात." २०१५ पासून नव्या रूपात चालू असलेल्या या परीक्षेचे चार भाग आहेत आणि गुण ४७२ ते ५२८ या पट्ट्यात मिळतात. तीत मागतात ते मुख्यतः प्रास्ताविक पातळीचं बायोलॉजी, जनरल आणि ऑर्गॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि पहिल्या सत्राचं बायोकेमिस्ट्री. चारांपैकी एक भाग निव्वळ उतारे वाचून विचार करण्याचा, त्याला कुठलाच कोर्स पुरा पडत नाही. यातलं बायोकेमिस्ट्री सोडलं तर बाकीचं बहुतेक सगळं चांगल्या कम्युनिटी कॉलेजात शिकवलं जातं. बायोकेमिस्ट्री सहसा वरच्या वर्गाचा विषय, तो नंतर बदली घेऊन ज्या युनिव्हर्सिटीत जाल तिथे करायचा. पाया कच्चा राहिला तर तो कुठेही राहतो, आणि मग त्यावर उपाय अभ्यासाचाच.

"नाव दिसलं की अर्ज बाजूला." २०१२ साली मेडिकल स्कूलांत दाखल झालेल्या विद्यार्थ्यांच्या एएएमसीच्या प्रश्नावलीवरून २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तर देणाऱ्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त जण कधी ना कधी कम्युनिटी कॉलेजात शिकलेले होते. कोणी शाळेत असताना, कोणी उन्हाळ्यात, कोणी थेट तिथूनच सुरुवात करून. नाव दिसताच अर्ज बाजूला पडत असता, तर हे सगळे आत आले कसे?

आता या सल्ल्यात जेवढं खरं आहे तेवढं मान्य करतो, कारण ते लपवलं तर माझंही म्हणणं अर्धवट राहील. समित्या नावापेक्षा क्रम बघतात. मुलगा चांगल्या युनिव्हर्सिटीत शिकतोय, तिथे सोपे विषय घेतोय, आणि ऑर्गॅनिक व फिजिक्स तेवढे उन्हाळ्यात घराजवळच्या कॉलेजात उरकतोय, असं चित्र उभं राहिलं तर अवघड विषय टाळल्याची शंका येणारच. तीही रास्त आहे. याउलट जी मुलगी दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात करून युनिव्हर्सिटीत गेली आणि तिथे जेनेटिक्स, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री घेऊन चांगली चमकली, तिची शंका घ्यायला जागाच उरत नाही. जिथे लॅब ऑनलाइन झाली तिथे मात्र जपून. ती न धरणारी मेडिकल स्कूलं आहेत.

आणि खरा धोका हा संदेश सांगतच नाही. नववी-दहावीपासून मुलांना ड्युअल एनरोलमेंटने, म्हणजे शाळेत शिकता शिकताच, कम्युनिटी कॉलेजचे वर्ग घ्यायला लावण्याची आपल्याकडे चढाओढ आहे. सोळाव्या वर्षी, टेनिस आणि भरतनाट्यम सांभाळून घेतलेल्या कॅल्क्युलसमध्ये सी आला, तर तो एम्कासच्या जीपीएत कायमचा बसतो. पुन्हा कोर्स केला तरी एम्कास दोन्ही ग्रेड मोजतं. डीओ ही डॉक्टरकीची दुसरी पदवी देणाऱ्या कॉलेजांच्या अर्जसेवेत पूर्वी नवा ग्रेड जुन्याची जागा घेत असे, ती सवलतही २०१७ मध्ये बंद झाली. काळजी करायचीच असेल तर याची करा.

पैशाचं थोडक्यात. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला तिथल्या कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला ४६ डॉलर पडतात, म्हणजे पाच युनिटची केमिस्ट्री २३० डॉलरना. यूसीत, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, वर्षाची नुसती ट्यूशन सुमारे १५ हजार, राहणं-खाणं वेगळं. न्यू जर्सीत शाळेतल्या वरच्या १५ टक्क्यांत येणाऱ्या मुलांना एनजे स्टार्स योजनेखाली आपल्या काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजात ट्यूशन माफ होऊ शकते. पुढे मेडिकलचं कर्ज वाट बघत असतं. कर्ज काढून शिकलेल्या नव्या डॉक्टरांच्या डोक्यावर दोन लाख डॉलरच्या आसपास बोजा असणं ही तिथली सर्वसाधारण गोष्ट आहे. अशा वेळी पहिल्या दोन वर्षांत वाचलेल्या पैशाला कमीपणा का मानायचा?

शेवटचा मुद्दा आपल्या बायकांचा, आणि तो मला सगळ्यांत जवळचा वाटतो. पुण्या-नागपूरहून बीएस्सी करून एच-४ वर (नवऱ्याच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) आलेल्या कितीतरी जणी एडिसनच्या किंवा क्युपर्टिनोच्या घरात बसून विचार करत असतात की इथे मेडिकलचं काही जमेल का. एम्कास परदेशी कॉलेजचे ग्रेड तपासून जीपीएत धरत नाही, आणि बहुतेक मेडिकल स्कूलांना पूर्वअटींचे कोर्स अमेरिकेत किंवा कॅनडात केलेले हवे असतात. त्यांच्यासाठी सर्वांत जवळचं, परवडणारं, संध्याकाळचे वर्ग असलेलं दार कम्युनिटी कॉलेजचंच. त्यांची मोठी अडचण वेगळी आहे: अनेक मेडिकल स्कूलं फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांचेच अर्ज घेतात. हे त्यांना आधी सांगायला हवं. त्याऐवजी कॉलेजच्या नावाची भीती घालणं हा अन्यायच आहे.

कोर्स घेण्याआधी कॅलिफोर्नियात असाल तर असिस्ट डॉट ऑर्गवर तो यूसीत कशाच्या बदल्यात धरतात ते बघा. दुसऱ्या राज्यात असाल तर बदलीच्या युनिव्हर्सिटीला विचारा. मग मनात असलेल्या चार-पाच मेडिकल स्कूलांची एमएसएआरमधली नोंद वाचा, शंका राहिली तर त्यांच्या प्रवेश कार्यालयाला ईमेल करा आणि आलेलं उत्तर सेव्ह करून ठेवा. प्रत्येक कोर्सचा सिलॅबसही जपा, नंतर कोणी मागितला तर हाताशी असेल.