टॉरस गेली, दोष गिऱ्हाइकाचा?

पुण्याच्या आमच्या फॅमिली ग्रुपवर सध्या वाद पेटलाय: पुतण्याने सेडान घ्यावी की एसयूव्ही? राज्य सरकारने २०२५ मध्ये 'पार्किंग नाही तर नोंदणी नाही' (गाडी ठेवायला जागा असल्याचा दाखला दाखवा, तरच नवी गाडी नोंदवू) असं सूतोवाच केल्यापासून त्याला आणखी धार आलीय. थोरल्यांचं म्हणणं, लोकांना मिरवायचं असतं, म्हणून ही एसयूव्हीची धुडं रस्त्यावर आली. मी डेट्रॉइटजवळ मोटारींच्या सुट्या भागांच्या धंद्यात आहे, आणि मला हे निदान पटत नाही. फोर्डच्या टॉरस या अमेरिकेतल्या सेडानचं काय झालं ते बघा.

१९८० ते ८२ या काळात फोर्डला तीन अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. जपानी गाड्या गिऱ्हाईक पळवत होत्या. तेव्हा टॉरस घडवणाऱ्या, फोर्डच्या ल्यू व्हेराल्डी यांच्या टीमने प्रतिस्पर्ध्यांच्या गाड्या आणून नटबोल्टपर्यंत खोलल्या आणि सुमारे ४०० बाबतींत सरस कोण, ते टिपून काढलं. ॲक्सिलरेटर पायाला ऑडीसारखा लागला पाहिजे, पेट्रोलचा काटा टोयोटा सुप्राइतका खरं बोलला पाहिजे, स्टेपनी-जॅकची जागा बीएमडब्ल्यूसारखी हवी. इतका बारकावा! १९८५ च्या अखेरीस गाडी बाजारात आली. चौकोनी खोक्यांच्या गर्दीत फोर्डचे डिझायनर जॅक टेलनॅक यांची ही गाडी साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. १९९२ मध्ये होंडा अकॉर्डला मागे टाकून ती अमेरिकेत सर्वाधिक खपाची मोटार ठरली आणि १९९६ पर्यंत पहिली राहिली. (त्यात भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपन्यांची खरेदी बरीच होती, हे इथले जुने लोक डोळा मिचकावून सांगतात.)

१९९६ च्या मॉडेलमध्ये मागची काचसुद्धा लंबगोल केली, ती लोकांना रुचली नाही आणि १९९७ मध्ये टोयोटाची कॅमरी पुढे गेली. सगळे त्या लंबगोलावर खापर फोडतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. त्या वेळच्या अमेरिकेतल्या मायलेजच्या कायद्यात कंपनीच्या मोटारींना सरासरी २७.५ मैल प्रति गॅलनची अट होती, 'लाइट ट्रक'ना फक्त २०.७ ची. फोर्डच्याच एक्सप्लोररसारखी एसयूव्ही कायद्याच्या लेखी ट्रक! अट सैल, नफा घसघशीत. मग पैसा आणि लक्ष तिकडेच जाणार. टॉरस २००६ मध्ये बंद झाली, नंतर दुसऱ्याच एका गाडीला तिचं नाव चिकटवलं, आणि मार्च २०१९ मध्ये शिकागोच्या कारखान्यातून शेवटची टॉरस बाहेर पडली. एक्सप्लोरर त्याच कारखान्यात बनत राहिली. आणि सेडान कोणालाच नको असती, तर कॅमरी-अकॉर्ड अजून कशा खपतात?

आपल्याकडेही तोच खेळ, फक्त पट्टी वेगळी. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांना करसवलत मिळाली. लगेच टाटांनी आपल्या इंडिगो सेडानची डिकी छाटून २००८ मध्ये 'सीएस' आणली. पुढे फोर्डची इकोस्पोर्ट ही एसयूव्हीही चार मीटरच्या आतच बसवली गेली. लांबीला कुंपण पडलं, उंचीला आणि वजनाला नाही. गाड्या तिकडेच वाढल्या. हे गिऱ्हाइकाने ठरवलं नाही.

म्हणून पार्किंगच्या दाखल्यावर माझा राग नाही, पण तो एकट्या खरेदीदाराच्या गळ्यात मारू नका. कर वजनावर आणि गाडी किती जागा व्यापते त्यावर लावा. कंपन्या मॉडेलं कशी बदलतात ते दोन-तीन वर्षांत दिसेल.